शालूचा आडोसा

आमच्या त्या घराला घर म्हणायची आम्हांला मुभा नव्हती. ‘तात्पुरतं’ म्हणायचं, असा अण्णांचा दंडक होता. ‘तात्पुरत्यात कंदील लाव’, ‘तात्पुरत्यात शेळी शिरलीय, हाकल आधी’, असं आम्ही खरोखरच बोलत असू. खरं घर पुढे व्हायचं होतं. दगडी, ऐसपैस, मागेपुढे पडवी असलेलं. त्याचा आराखडा अण्णांच्या डोक्यात चिऱ्यान्‌चिऱ्यानिशी तयार होता, फक्त विहिरीला पाणी लागायचं बाकी होतं, मग एखादं बरं पीक यायचं बाकी होतं, मग दगडवाला वेळेवर यायचा बाकी होता. मी मॅट्रिक झाले, कॉलेजात गेले, लग्न होऊन त्याच कुडाच्या दारातून सासरी निघाले, तरी ते तात्पुरतंच होतं. आता वय झाल्यावर वाटतं, माणसाचं बरंचसं आयुष्य तात्पुरत्यातच जातं. पण चौदाव्या वर्षी असली शहाणपणाची वाक्यं सुचत नाहीत. चौदाव्या वर्षी फक्त लाज वाटते, आणि मला ती सकाळी डोळे उघडल्यापासून वाटायची.

अण्णा गुहागरकडचे. केंद्र सरकारच्या एका कचेरीत नोकरीला होते, आणि बदल्यांच्या वाऱ्याबरोबर उडत उडत आम्ही जयपूरला येऊन पडलो होतो. शहरात आम्हांला चांगलं क्वार्टर होतं. नळ होता, दिवा होता, शेजारी दोन मराठी बिऱ्हाडं होती. पण फायलींना विटून अण्णांनी मुदतीच्या आधीच नोकरी सोडली आणि आग्रा रोडवर, कानोता गावाच्या अलीकडे, जमिनीचा एक रखरखीत तुकडा घेतला. आपलं धान्य, आपली भाजी, आपलं पाणी, आपली गाय. बाहेरून मीठ आणि काड्यापेटी यांखेरीज काही आणायचं नाही, असा तो बेत होता. “आणि वीज?” असं आईने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “कुणाच्या तारेला लोंबकळून मला जगायचं नाही.”

“बरं,” आई म्हणाली, “मग रॉकेलच्या डब्याला लोंबकळा.”

आईचं हे असं होतं. ती विरोध करायची नाही, नुसतं बोलायची. आणि बोलून झालं की पदर खोचून चिखल तुडवायला लागायची. तात्पुरतं आम्ही तिघांनी आपल्या हातांनी बांधलं, गडी फक्त खांब रोवायला आणि आढं चढवायला होते. कीकरचे, म्हणजे बाभळीचे, वाकडेतिकडे खांब, मधे तुराट्यांचा कुड, त्याला शेण, माती आणि भुसा यांचा गिलावा, वर सरकंड्यांच्या उंच गवताचं छप्पर. त्या गिलाव्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. शाळेतून आले की दप्तर खांबाला अडकवायचं आणि लिंपायला बसायचं. बोटांच्या पेरांत माती अशी जाऊन बसायची की दुसऱ्या दिवशी वर्गात हात वर करून उत्तर सांगायची सोय उरायची नाही.

छप्पर अण्णांनी थेट गुहागरचं केलं. उंचच उंच, दोन्ही पाखी धसाधस उतरती, वळचणी हातभर बाहेर. जवळच्या ढाणीतल्या, म्हणजे वाडीतल्या, बायका पाण्याला जाताना थांबून बघायच्या आणि घूंघटाच्या आतून हसायच्या. त्यांतली एक धिटुकली म्हणालीसुद्धा, “बाबूजी, मंदर बणा रया छो कांई?” देऊळ बांधताय की काय, हे अण्णांना कौतुकच वाटलं. आम्हांला म्हणाले, “पाऊस कितीही येऊ दे, एक थेंब टिकायचा नाही.” खरं होतं. त्या छपरावर पावसाचा थेंब टिकत नव्हता, कारण पाऊसच येत नव्हता. कोकणातल्या माणसाचं सगळं लक्ष वरून येणाऱ्या संकटाकडे असतं. जयपूरचं संकट आडवं येतं, हे आम्हां तिघांपैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही. क्वार्टरमध्ये असताना आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, आली की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो, एवढीच आमची तिच्याशी ओळख.

आता मुख्य गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना आजही मी इकडेतिकडे बघते. संडास. गुहागरला असतो तसा तो परसात, घरापासून चांगला लांब, उघड्या माळावर होता. खोल खड्डा, त्यावर दोन फळ्या, शेजारी राखेचा डबा आणि चारी बाजूंना गोणपाटं शिवून केलेला आडोसा. गोणपाटं वरच्या काठ्यांना सुंभाने पक्की बांधलेली, खाली मोकळी सोडलेली. खालून मोकळी असली की हवा खेळती राहते, असं अण्णांचं म्हणणं. दुसऱ्या कुणी असली गोष्ट केली असती तर निदान तिच्याबद्दल गप्प बसला असता. अण्णांना तिचा अभिमान होता. खड्डा भरला की माती लोटायची, वर्षाने सोनखत तयार. आलेल्या पाहुण्याला ते विहीर दाखवायचे, वांग्यांचे वाफे दाखवायचे आणि मग, “या, आता खरी गंमत दाखवतो” म्हणून तिकडे घेऊन जायचे. राखेचं प्रमाण समजावून सांगायचे. मी चुलीमागे जाऊन बसायची.

शाळेत मी कुठे राहते ते कुणाला ठाऊक नव्हतं. मैत्रिणींनी विचारलं तर मी म्हणायची, “आगरा रोड की तरफ.” त्या रस्त्याला तेव्हा बड्या लोकांच्या बागा आणि कोठ्या होत्या, त्यामुळे मुलींचा आपोआप समज व्हायचा. केसांना धुराचा वास येतो म्हणून मी आईच्या डबीतलं खसचं अत्तर लावून जायची, तर धूर आणि खस मिळून असा काही तिसराच वास व्हायचा की शेजारची मुलगी म्हणाली, “तेरे घर में रोज हवन होता है क्या?” मी हो म्हणाले. रडू आलं होतं, पण हो म्हणाले.

थंडी सरली आणि एके दिवशी भाकऱ्या थापता थापता आईने अण्णांना सांगून टाकलं. “हे बघा, मी आजवर काही म्हटलं नाही. पण बाईच्या जातीला घर कशाला म्हणायचं ते कळतं. जिथे चार सवाष्णींना बोलावून हळदीकुंकू करता येतं ते घर. यंदा चैत्रगौरीचं हळदीकुंकू इथे करते. बायका आल्या, बसल्या, सुखाने परत गेल्या, तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही निभावलं, तर परचुरेबाईंच्या बंगल्यामागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. मी विचारून ठेवलंय. तुम्ही रोज इथे येऊन शेत करा, आम्ही दोघी तिथे राहू.”

अण्णा हातातला घास तसाच धरून बसले. मग म्हणाले, “ठरलं.”

परचुरेकाकू म्हणजे अण्णांच्या पूर्वीच्या साहेबांच्या पत्नी. गोऱ्यापान, धिप्पाड, मोत्यांच्या कुड्या घालणाऱ्या. जयपुरातल्या आमच्या मराठी मंडळींत त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांच्या त्या दोन खोल्या मी पाहिल्या होत्या. लाल फरशी, खिडकीला जाळी आणि भिंतीवर काळं, गोल विजेचं बटण. ते बटण माझ्या स्वप्नात यायचं. तेव्हा आईचं हळदीकुंकू निभावू नये, असं मला मनापासून वाटत होतं. वाटून काय होणार होतं म्हणा. हरभरे मीच निवडत होते.

चैत्रातली तीज झाली. ढाणीत त्यांची गणगौर वाजतगाजत निघाली आणि आमच्याकडे गौर झोपाळ्यावर बसली. हळदीकुंकवाचा दिवस अक्षय्यतृतीयेच्या तोंडावर ठरला. आदल्या दिवशी आईने सगळं तात्पुरतं सारवून काढलं, उंबरठ्याजवळ चैत्रांगण काढलं. कुडाला एका बाजूने भेग गेली होती. ती झाकायला तिने ट्रंकेतून आपला लग्नातला शालू काढला आणि गौरीच्या मागे पडदा म्हणून टांगला. जांभळा, जरीचा, तिच्या वडिलांनी कर्ज काढून घेतलेला. त्या मातीच्या खोलीत तो असा काही झळझळला की मी क्षणभर हरखून गेले आणि लगेच मला त्या शालूचीच लाज वाटली. फाटक्या कोटाला सोन्याची गुंडी लावावी तसं ते दिसत होतं. वाटली डाळ झाली, पन्हं माठात गार होत होतं, खरबुजं कापून ओल्या फडक्याखाली ठेवली होती, गुलाबदाणी मी राखेने घासून चकचकीत केली होती.

बायका साहेबांच्या जीपमधून आल्या. दाटीवाटीने बसल्यामुळे इस्त्रीच्या साड्या चुरगळलेल्या, पण सगळ्या हसत होत्या. त्या वाकून त्या उतरत्या वळचणीखालून आत आल्या, “अय्या, किती गार आहे हो आत!” म्हणाल्या, आणि खरंच आत गार होतं. परचुरेकाकू सतरंजीवर मांडी घालून बसल्या, गौरीकडे बघून म्हणाल्या, “वहिनी, शालू काय सुरेख आहे! आजकाल असला विणत नाहीत.” आईचा चेहरा फुलला. हळदीकुंकू निभावत होतं. मी मनातल्या मनात त्या काळ्या गोल बटणाचा निरोप घेतला.

अण्णांनी बाहेर थांबावं, बायकांत येऊ नये, असं आईने बजावलं होतं. पण डाळीच्या वाट्या फिरत असताना ते दारातून डोकावून म्हणालेच, “वहिनीसाहेब, जाण्याआधी आमचं सोनखत बघून जा!” बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला वाटलं, धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. परचुरेकाकू मात्र हसल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि कानाशी म्हणाल्या, “सुमे, मला जरा मागे जायचंय गं. कुठेशी आहे?” पन्हं त्यांनी दोनदा मागून घेतलं होतं. मी तांब्या घेऊन त्यांना वाट दाखवली, तांब्या आत ठेवला, राखेच्या डब्याकडे न बघता परत फिरले आणि घराशी येऊन उभी राहिले.

तेवढ्यात पश्चिमेकडचं आभाळ पिवळं झालं. आधी पिवळं, मग विटकरी. ढाणीतल्या बायका ओरडत गुरांमागे धावताना दिसल्या आणि त्यांच्यामागून एक भिंतच्या भिंत चालत आली. आंधी आली, हे समजायच्या आत ती अंगावर होती. वळचणी हातभर बाहेर काढलेल्या. वारा त्यांच्याखाली शिरला आणि ते देवळासारखं छप्पर एका अंगाने उचलायला लागलं. अण्णा धावत आले आणि दाराशेजारच्या खांबाला त्यांनी मिठी मारली, जणू त्यांच्या वजनाने ते थांबणार होतं. आत बायकांची किंकाळी उठली. आणि मी मागे वळून पाहिलं तर संडासाची गोणपाटं खालून फुगली होती, वर वर जात होती. मग सुंभ तुटल्याचा आवाज झाला आणि ती गेली. चारी गेली. एक कीकरच्या झाडाला जाऊन लटकलं, बाकीची कुठे गेली कुणास ठाऊक.

मी “आई!” एवढंच ओरडले. आईने दारातून पाहिलं. तिने विचार केला असेल असं मला वाटत नाही. गौरीच्या मागचा शालू तिने एका हिसक्यात ओढला, त्याबरोबर गौरीपुढचं निरांजन कलंडलं, आणि ती धावत सुटली. माझ्या हाताला धरून फरफटत नेलं. वाटेत ओरडली, “डोळे मीट! उघडलेस तर याद राख!” मी डोळे मिटले. शालूचं एक टोक तिने माझ्या मुठीत कोंबलं, दुसरं स्वतः धरलं, आणि लग्नात अंतरपाट धरतात तसा तो आम्ही खड्ड्याभोवती ताणून धरला, त्याच्याकडे पाठी करून. वाळू तोंडावर सुयांसारखी टोचत होती. शालू शिडासारखा भरत होता, माझे पाय उचलले जात होते. आणि आतून, त्या भणभणाटातून, परचुरेकाकूंचा रडवेला आवाज आला, “अहो वहिनी, शालू खराब होईल हो तुमचा!”

“होऊ दे,” आई ओरडली. “तुम्ही सावकाश आवरा. घाई करू नका.”

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. वारा पडला तेव्हा काकू आमच्या मधून, खाली मान घालून, घराकडे चालत गेल्या. मोत्याची एक कुडी कुठेतरी पडली होती. ती शोधू या असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि आम्हीही म्हणालो नाही. आत सतरंजीवर वाळूचा थर होता, डाळीवर वाळू होती, बायकांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. छपराचं एक पाखं उघडं पडून त्यातून आभाळ दिसत होतं. मागे काय झालं ते त्यांतल्या कुणी पाहिलं होतं की नाही, आजतागायत मला ठाऊक नाही. आईने धुळीने माखलेल्या हातांनी एकेकीला हळदीकुंकू लावलं, भिजल्या हरभऱ्यांनी ओट्या भरल्या. परचुरेकाकूंची ओटी भरताना दोघींनीही एकमेकींकडे पाहिलं नाही. जीपमध्ये बसताना काकू चाकाकडे बघत म्हणाल्या, “वहिनी, त्या खोल्या झाडून ठेवते. या तुम्ही.”

माझं काय झालं असेल! अंगावर वाळू, तोंडात वाळू, काकूंची मान डोळ्यांपुढून हलत नव्हती, आणि तरी आत कुठेतरी ते काळं बटण खट्‌ करून वाजलं. मी जेवणाआधीच पुस्तकं ट्रंकेत भरायला घेतली. अण्णा उंबरठ्यावर बसले होते. इतका लहान झालेला माणूस मी पाहिला नव्हता. आभाळाकडे न बघता म्हणाले, “जा तुम्ही दोघी. शर्त मी कबूल केली होती. माझंच चुकलं सगळं.”

आई वाळूची डाळ गाईपुढे ओतत होती. म्हणाली, “नाही जायचं.”

“आई, मतलब?” मी म्हणाले. घाबरले की मी हिंदी बोलायची. “तूच म्हणाली होतीस! निभावलं नाही तर जायचं!”

“म्हटलं होतं. पण आता त्या बाईच्या खिडकीसमोर जाऊन राहायचं? सकाळी तिने पडदा सारला की मी दिसणार, तू दिसणार. आपण दिसलो की तिला तो खड्डा आठवणार. रोज. जिने आपल्याला जागा देऊ केली तिला आपण हे द्यायचं?”

“आणि आपली लाज? मला रोज वाटते ती?” मी पहिल्यांदाच तो शब्द तिच्यासमोर उच्चारला. अण्णांच्या देखत.

आईने घमेलं खाली ठेवलं. रागावेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, “मलाही वाटते, सुमे. पण आपली आपल्याला सोसायची आहे. तिची आपण आणखी वाढवायची नाही.” मग ती आत गेली आणि ट्रंकेतली माझी पुस्तकं ती पुन्हा फळीवर लावत असल्याचा आवाज मला ऐकू आला.

काकूंना तिने निरोप धाडला तो असा, की आमचे हे ऐकत नाहीत. मंडळींत मग जो तो अण्णांना नावं ठेवू लागला. हेकट माणूस, बायकोपोरीला धुळीत लोळवतो. अण्णांनी ते सारं कान पाडून ऐकून घेतलं. खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे. काकू जाऊन आता खूप वर्षं झाली. सोनखत मात्र अण्णांनी पुन्हा कुणाला दाखवलं नाही. आणि आमच्या जमिनीवर पहिलं पक्कं, दगडी बांधकाम झालं ते खऱ्या घराचं नव्हे, संडासाचं. हातभर जाड भिंती. किल्ल्याला असाव्यात तशा.

पुढच्या चैत्रात आईने पुन्हा हळदीकुंकू केलं. काकू येतील असं वाटलं नव्हतं, पण आल्या. उतरल्या ते आत न येता थेट मागे गेल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग. त्यांनी दगडी भिंतीला दोन्ही हात लावले आणि ढकलून पाहिली. भिंत हलली नाही. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. मग माझ्याकडे वळून, त्या आंधीनंतर पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघत, त्यांनी विचारलं, “तेव्हा डोळे मिटले होतेस ना गं?”

“हो काकू. घट्ट.”

त्यांनी मान हलवली, पाय धुतले आणि गौरीसमोर जाऊन बसल्या. त्या प्रश्नाचा मला रागच आला होता. एवढं सगळं केलं, आणि वर असं विचारायचं?

गेल्या हिवाळ्यात माझ्या खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात खाटेभोवतीचा पडदा कड्यांतून निसटलेला, आणि मला भांड्याची अशी घाई झालेली की क्षणभराचाही धीर नव्हता. आयाने चादरीचं एक टोक धरलं, दुसरं माझ्या नातीने. पोर पंधरा वर्षांची आहे, घरात आमच्याशी अर्धं हिंदीच बोलते. पाठ करून उभी होती, एवढं मला दिसलं. त्यानंतर ती रोज आली, केस विंचरून दिले, पेज भरवली. प्रत्येक वेळी तो एकच प्रश्न माझ्या जिभेवर आला आणि मी तो पेजेबरोबर गिळला. काकूंना तो विचारायला एक वर्ष लागलं होतं. मला अजून जमलेलं नाही.